दारावर आलेल्या पोराला पाणी तरी विचारा

माझा भाचा टेक्सासमध्ये डलासजवळ नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. त्याच्या सोफ्यावर दोन गोरी पोरं बसलेली. पांढरा सदरा, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी, उन्हाने लाल झालेले गाल आणि हातात पाण्याचे ग्लास. खाली त्याने लिहिलं होतं, 'मॉर्मन मिशनरी. बाहेर ४० डिग्री आहे. म्हटलं, आत या, पाणी प्या. तासभर गप्पा झाल्या.'

पहिल्या पाच मिनिटांत ग्रुपवर तौबा-तौबा सुरू झाली. एकाने लिहिलं, 'दरवाजा खोलनाच नै था.' दुसऱ्याने काफिरांच्या कारस्थानावरचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाठवला. कोणीतरी ती पोरं बसली ती जागा धुऊन घ्यायला सांगितलं. माझी आपा, म्हणजे त्याची अम्मी, तेवढी शहाणी निघाली. ती म्हणाली, 'पानी पिलाया सो अच्छा करा बेटा, पर किताब नक्को ले.'

त्याच आठवड्यात मंगळवेढ्यात आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत बाहेरगावची जमात उतरली होती. वळकट्या, कुकर, स्टोव्ह घेऊन आलेली दहा-बारा माणसं, त्यातली तीन-चार विशीतली. असर झाली की ती गश्तीला निघत, दारोदार जात, सलाम करून दोन मिनिटं मागत. ज्यांनी भाच्याला दार उघडल्याबद्दल झापलं, त्यांच्याच घरून जमातीसाठी खिचडा गेला. मीही केळी दिली. त्यात वाईट काही नाही. पण आपल्या पोराने परक्याचं दार वाजवलं तर तो दीनचा खादिम, आणि परक्याच्या पोराने आपलं वाजवलं तर तो डाकू, हा न्याय मला त्या दिवसापासून पचत नाही.

हा लेख त्या अपचनाबद्दल आहे. लिहायचं कारण निव्वळ भाचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. 'लव्ह जिहाद' आणि सक्तीचं वा फसवून केलेलं धर्मांतर यांवर कायदा कसा करता येईल, हे तिने सांगायचं. तेव्हापासून आपल्या सभांमध्ये घटनेचं २५ वं कलम रोज म्हटलं जातं. म्हणायलाच हवं. पण ते कोणत्या तोंडाने म्हणतो, हेही एकदा आरशात बघायला हवं.

आधी त्या सोफ्यावरच्या पोरांविषयी. मॉर्मन पंथ १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापन केला. त्या पंथात मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षं मिशनवर जावं अशी अपेक्षा असते. मुली दीड वर्षासाठी जातात. कुठे जायचं हे तो निवडत नाही. चर्चकडून पत्र येतं, त्यात ब्राझील असेल नाहीतर फिलिपिन्स. युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी किंवा अशाच दुसऱ्या केंद्रात काही आठवडे भाषा आणि शिकवण घोकायची आणि निघायचं. पगार नाही. दरमहाचा खर्च तो स्वतः किंवा त्याचं घर उचलतं. सकाळी साडेसहाला उठायचं, जोडीदाराशिवाय कुठे जायचं नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही. २०१९ पर्यंत घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्याला परवानगी आहे. छातीवरच्या पट्टीवर फक्त आडनाव, आणि त्याआधी 'एल्डर', म्हणजे वडील! नुकतं मिसरूड फुटलेला वडील.

आता चिल्ल्याला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. चाळीस दिवस किंवा चार महिने, स्वतःच्या खर्चाने, अमीरच्या हुकमात, घरापासून दूर. रोज पाच-पन्नास दारं वाजवायची आणि त्यातली बहुतेक तोंडावर बंद होतात ते सोसायचं. एक फरक आहे आणि तो मान्य करतो: तबलीगची जमात मुसलमानाला नमाजाकडे बोलावते, मॉर्मन पोरगा दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपल्यात बोलावतो. पण दुसऱ्याच्या दाराशी उभं राहून 'माझ्याकडे एक गोष्ट आहे, ऐकाल का' एवढंच म्हणायचा अधिकार दोघांनाही सारखाच लागतो.

कोणाला वाटेल, अमेरिकेतल्या पंथाचा मंगळवेढ्याशी काय संबंध? आपल्या मुलखाशी त्याचा संबंध पावणेदोनशे वर्षांचा आहे. ह्यू फिंडले नावाचा तरुण स्कॉटिश मॉर्मन १८५२ साली मुंबईत उतरला. पाद्री आणि वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत त्याच्या उपदेशाला बंदी केली. मग तो पुण्याला गेला, मराठी शिकू लागला, थोड्या लोकांची एक शाखाही काढली. हिंदुस्थानात त्या काळी आलेल्या सतराएक मॉर्मन प्रचारकांपैकी तो एक. फळ म्हणाल तर फार थोडं. १८५६ पर्यंत सगळे परतले.

त्यांना पाडणारी गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन पुढाऱ्यांनी बहुपत्नीत्व ही आपली रीत असल्याचं उघड जाहीर केलं. बातमी जहाजाने मागोमाग हिंदुस्थानात आली. पुढे प्रचारक काहीही बोलो, समोरच्याचा प्रश्न एकच: बायका किती? अख्ख्या समाजाची ओळख एका शब्दात गुंडाळली जाते तेव्हा काय वाटतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. १८७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स खटल्यात त्यांच्या बहुपत्नीत्वाविरुद्ध निकाल दिला, तेव्हा ही चाल आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची असल्याचंही ऐकवलं. १८९० मध्ये त्या चर्चने ती रीत सोडत असल्याचं जाहीर केलं. माझं मत सांगतो: त्या रीतीवर प्रश्न विचारणारे बरोबर होते, आणि आपल्यातल्या तशाच रीतींवर प्रश्न विचारणाऱ्या आपल्या बहिणीही बरोबर आहेत. पण रीतीला जाब विचारणं वेगळं आणि त्या रीतीचं निमित्त करून माणसाला गावाबाहेर काढणं वेगळं.

मॉर्मनांना गावाबाहेर काढलंही होतं. ऑक्टोबर १८३८ मध्ये मिसुरी राज्याच्या गव्हर्नरने हुकूम काढला, की यांना शत्रू समजा, यांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला. तो हुकूम रीतसर मागे घ्यायला १९७६ साल उजाडलं. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथला तुरुंगात असताना जमावाने मारलं. उरलेले हजार मैलांहून जास्त चालत युटाच्या वाळवंटात गेले. इथवर ऐकून आपल्याला त्यांची कणव येते. पण १८५७ साली त्याच युटात मॉर्मन सशस्त्र टोळीने माउंटन मेडोज इथे वाटेने जाणाऱ्या सव्वाशेच्या आसपास प्रवाशांची कत्तल केली, बायका आणि मोठी मुलंसुद्धा सोडली नाहीत. छळ सोसलेला समाज आपोआप शहाणा होत नाही, हे मी त्यांच्याबद्दल लिहितोय आणि आपल्याबद्दलही.

फिंडलेच्या आधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबईत आले. हॉल अठ्ठावीस वर्षांचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत पाठवायचं ठरवलं होतं. कंपनीची भीती अशी, की हे लोक धर्माचं बोलतील, रयत बिथरेल आणि धंदा बुडेल. दोघांनी गव्हर्नर नेपियनकडे अर्जावर अर्ज केले आणि राहिले. त्यांच्या मिशनने मराठीत शाळा काढल्या, छापखाना घातला. १८२६ मध्ये हॉल फिरतीवर असताना पटकीने गेला. आज 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द घेऊन येणाऱ्यांना मला विचारायचं आहे: कंपनी सरकारची भाषा तुम्हाला इतकी गोड का लागते?

आणि मिरज. आमच्या भागातल्या जुन्या माणसांसाठी मोठं दुखणं म्हणजे मिरजेचं मिशन हॉस्पिटल. विल्यम वानलेस हा कॅनडाचा तरुण डॉक्टर १८८९ मध्ये मिशनतर्फे आला आणि १८९४ मध्ये त्याने मिरजेत ते रुग्णालय उभं केलं. माझ्या दादीचा मोतीबिंदू तिथेच निघाला. खाटेशेजारी कोणीतरी येशूची प्रार्थना म्हणायचं, दादी मनात दरूद म्हणायची. डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा तिने दोघांचेही आभार मानले आणि परत येऊन मरेपर्यंत पाच वेळची नमाज पढली. तिला 'भोळी' म्हणणाऱ्याची तिने चांगली खरडपट्टी काढली असती.

आता या चष्म्यातून कायद्याकडे बघू. उत्तर प्रदेशचा कायदा घ्या, कारण बाकीचे त्याच्यावरून बेतले जातात. धर्म बदलायचा असेल तर साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवा. 'प्रलोभना'त काय काय येतं? भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन, आणि देवाच्या अवकृपेची भीती. शेवटचं पुन्हा वाचा. देवाच्या अवकृपेची भीती न घालणारं प्रवचन, बयान किंवा कीर्तन कोणी ऐकलंय का? २०२४ च्या दुरुस्तीने जन्मठेपेपर्यंत शिक्षा वाढवली आणि तक्रार कोणीही करावी अशी मुभा दिली. मात्र कोणी आपल्या पूर्वीच्या धर्मात परतला तर ते धर्मांतरच नव्हे! म्हणजे दार एकाच बाजूने उघडतं. अशा दाराला दार म्हणत नाहीत, सापळा म्हणतात.

बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यात धर्म सोडायचं जाहीर केलं आणि १९५६ मध्ये नागपुरात दीक्षा घेतली. एकवीस वर्षं एका माणसाने अभ्यास केला. हा कायदा तेव्हा असता तर दीक्षाभूमीवरच्या लाखो माणसांनी साठ दिवस आधी कचेरीत रांग लावायची होती, आणि कारकुनाने त्यांना विचारायचं होतं, 'तुम्हाला कोणी फूस लावली?' या प्रश्नातच अपमान आहे. गरीब, दलित, आदिवासी, बाई यांना स्वतःची अक्कल नसते, असं तो प्रश्न गृहीत धरतो.

संविधान सभेत ही चर्चा झालेली आहे. डिसेंबर १९४८ मध्ये 'प्रचार' हा शब्द काढावा आणि धर्म खासगीत पाळावा, अशी दुरुस्ती आणणारे सदस्य होते बिहारचे तजम्मुल हुसेन. होय, मुसलमान. त्यांचा मुद्दा असा, की धर्म हा माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातला मामला आहे. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी स्वतःचा दाखला दिला: आपण चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपला धर्म बदलायचा प्रयत्न कोणी केला नाही. शेवटी शब्द राहिला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आखडला. प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही, असं म्हटलं. पण स्वतःहून धर्म बदलणाऱ्याचं काय? त्याचा हक्क प्रचारकाच्या हक्कातून येत नाही, तो त्याच्याच सद्सद्विवेकबुद्धीचा आहे, आणि २५ व्या कलमात ती 'प्रचारा'च्या आधी येते.

परक्या देशातल्या प्रचारकाला कायद्याने कसं वागवावं याचा धडा महाराष्ट्राने अलीकडेच गिरवला. २०२० च्या टाळेबंदीत अहमदनगर जिल्ह्यात तबलीगच्या २९ परदेशी लोकांवर गुन्हे दाखल झाले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया असे कुठून कुठून आलेले. त्यांना आसरा देणारे इथले लोकही आरोपी. टीव्हीवर त्यांना विषाणूचे वाहक ठरवून झालं होतं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले. पर्यटक म्हणून आलेल्याने धर्मस्थळी जाणं, प्रवचनाला बसणं यावर बंदी नाही आणि हे लोक धर्मांतर करत असल्याचा पुरावा नाही, असं सांगितलं. साथीच्या संकटात सरकार बळीचा बकरा शोधतं, हेही न्यायमूर्ती नलावडे यांनी निकालात लिहिलं. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. तो पेढा हलाल करायचा असेल तर डलासच्या सोफ्यावरच्या पोरांनाही तोच निकाल लागू करावा लागेल.

इथे कोणी म्हणेल, 'सर, मुस्लिम देशांत तर...' बरोबर. तेही बोलू. अनेक मुस्लिम देशांत इस्लाम सोडणं हा गुन्हा आहे, काहींत कायद्याच्या पुस्तकात मृत्युदंड आहे. मॉर्मन चर्च अशा देशांत प्रचारक पाठवत नाही. 'त्यांनाही आपली भीती आहे' असं अभिमानाने सांगणारा एक जण मला भेटला. ही अभिमानाची गोष्ट नाही. दारावर पहारा बसवून टिकवलेली श्रद्धा आणि भिंतीआड कोंडलेला माणूस यांत फार फरक उरत नाही. रशियाने २०१६ मध्ये प्रचारावर कडक कायदा आणला, तेव्हा मॉर्मन पोरांना तिथे 'स्वयंसेवक' म्हणवून घ्यावं लागलं. आपण कोणाच्या रांगेत उभं राहणार, रशियाच्या की आपल्याच घटनेच्या? सूरह बकराची २५६ वी आयत आपण टीव्हीवरच्या चर्चेत सर्वांत आधी काढतो. धर्मात सक्ती नाही हे तिचं म्हणणं आत येणाऱ्यासाठी आहे तेवढंच बाहेर जाणाऱ्यासाठीही आहे.

मिशनऱ्यांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. अठरा वर्षांच्या पोराला जगाचं अंतिम सत्य कळलंय असं सांगून परक्या मुलखात धाडणं, आणि समोरच्या माणसाकडे 'आज ना उद्या आपला होईल' या नजरेने बघणं, यात एक उद्धटपणा आहेच. त्या चर्चने १९७८ पर्यंत काळ्या माणसाला पौरोहित्य दिलं नव्हतं, हे त्या पोरांना विचारावं. तोंडावर विचारावं. वाद घालावा, हसावं, पुस्तक परत करावं. 'नको' म्हणावं आणि दार लावून घ्यावं. हे सगळं माणसाने माणसाशी करायचं आहे, त्यात फौजदाराचं काही काम नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरातला पोरगा दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनासभेला जाऊ लागला. कोणाचा, कुठला, ते लिहीत नाही. मोठ्यांची बैठक बसली. बापाला बोलावलं. पोराला समजाव, नाहीतर तुझ्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही, असं सांगितलं. बाप मान खाली घालून म्हणाला, 'मी मारून बघितलं, आता आणखी काय करू?' त्याचं दुकान तीन महिने ओस पडलं. पोरगा पुण्याला निघून गेला. त्या बैठकीत मीही होतो. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. बाहेर पडताना स्वतःला सांगितलं, की मी तर काही बोललो नाही. तेच तर केलं होतं मी.

तो कोणा फौजदाराचा कायदा नव्हता, आपला होता. नोटीस नाही, अपील नाही, साठ दिवसांची मुदतही नाही. सरकारचा कायदा आल्यावर आपण ज्याला जुलूम म्हणणार आहोत, तो आपण आधीच बिनकागदाचा चालवतो आहोत.

हे गाव चोखोबांचं आहे. देवाचं नाव घ्यायचं पण देवळात पाय ठेवायचा नाही, असं त्यांना सांगणारे लोकही सुव्यवस्थेचंच कारण देत असणार. इथेच कामावर असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. पुढे नावाचा जयजयकार झाला, पण जिवंतपणी दार कोणी उघडलं नव्हतं. पंढरीला जाताना त्या दाराची आठवण काढणाऱ्यांनी आणि जुम्म्याला जाताना न्यायाची दुआ मागणाऱ्यांनी, दोघांनीही हे विसरू नये.

म्हणून तीन गोष्टी मागतो. सरकारकडे: सक्ती, धमकी, फसवणूक यांसाठी फौजदारी कायद्यात कलमं आहेत, ती वापरा, माणसाच्या मनावर परवान्याची पद्धत आणू नका. आपल्या संघटनांकडे: या कायद्याविरुद्धच्या निवेदनात 'आमच्या धर्मातून जाणाऱ्यालाही हाच हक्क आहे' हे वाक्य घाला. ते नसेल तर त्या निवेदनावर माझी सही धरू नका. आणि आपल्या जमातींच्या, मशिदींच्या जबाबदार लोकांकडे: पोराच्या श्रद्धेसाठी बापाचं दुकान बंद पाडणं हराम आहे, हे एका जुम्म्याला मिंबरवरून सांगा.

भाच्याला मी परवा विचारलं, त्या पोरांचं पुढे काय झालं? तो म्हणाला, 'मामू, एकाची बदली झाली, दुसरा अजून येतो. मी मॉर्मन होणार नाही हे त्याला कळलंय. पण उन्हात फिरून दमतो, तर पाणी प्यायला येतो.'

पुण्याला गेलेल्या त्या पोराचा बाप मला रस्त्यात भेटला की आजही सलाम करतो, पण थांबत नाही. हा लेख आला की मी तो मोबाईलवर उघडून त्याच्या दुकानात जाणार आहे. सामान घेईन. तो थांबलाच, तर माफी मागेन. आणि पोराचा पत्ता मागेन.